‘ओआरएस’ हे नाव गेले, पळवाट मात्र तशीच आहे

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी एफएसएसएआयने, म्हणजे भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने, एक आदेश काढला. कोणत्याही खाद्यपदार्थाच्या किंवा पेयाच्या नावात यापुढे ‘ओआरएस’ हा शब्द वापरता येणार नाही. एकटा वापरता येणार नाही, मागेपुढे अक्षरे जोडून वापरता येणार नाही आणि ट्रेडमार्कचा भाग म्हणूनही चालणार नाही. दिवाळीच्या धामधुमीत ही बातमी आली आणि गेली. आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ती फारशी फिरली नाही. ती फिरायला हवी होती, कारण या एका शब्दाने वर्षानुवर्षे सगळ्यात जास्त कुणाला फसवले असेल तर ते आपल्या वस्त्यांमधल्या आयांना.

मी ज्या वस्तीत काम करते तिथली गोष्ट सांगते. पावसाळ्याचे दिवस, नळाला गढूळ पाणी, घराघरांत जुलाब. चौदा महिन्यांची एक मुलगी दोन दिवस ढाळ-उलटीने हैराण होती. तिची आई चार घरची धुणीभांडी करते. आमच्या आरोग्य बैठकीत तिने ऐकले होते की जुलाब झाले की ओआरएस द्यायचे. तिने ते लक्षात ठेवले, मेडिकलमध्ये गेली आणि “ओआरएस द्या” म्हणाली. दुकानदाराने फ्रीजमधून सफरचंदाचे चित्र असलेला टेट्रापॅक काढून दिला. नावात ठळक अक्षरांत ओआरएस होते. तिने दोन दिवसांत असे चार डबे पाजले. जुलाब वाढत गेले. दवाखान्यात नेले तेव्हा पोरीचे डोळे खोल गेले होते, टाळू बसली होती. डॉक्टरांनी विचारले, काय पाजले? आईने रिकामा डबा पुढे केला. “पाकीट स्वस्तातलं असतं ना ताई, मी चांगलं महागातलं दिलं,” असे ती मला नंतर म्हणाली.

मुलगी सलाइनवर दोन दिवस राहिली आणि वाचली. पण या प्रसंगात आईची चूक काय होती, हे मला आजही सांगता येत नाही. तिने सल्ला ऐकला, योग्य दुकानात गेली, योग्य शब्द उच्चारला आणि पदरचे पैसे मोजले. आमच्या बैठकीची चूक मात्र मला दिसते. आम्ही शब्द शिकवला, पाकीट दाखवले नव्हते.

आता त्या डब्यात आणि पाकिटात फरक काय, ते पाहू. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे एक लिटर पाण्यात ग्लुकोज १३.५ ग्रॅम, साधे मीठ २.६ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम आणि ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम असते. हे आकडे कुणाच्या लहरीने ठरलेले नाहीत. आतड्याच्या पेशींमध्ये सोडियम आणि ग्लुकोज जोडीने आत शिरतात आणि त्यांच्या मागोमाग पाणी शोषले जाते. जुलाब चालू असतानाही ही वाट बंद पडत नाही. पण जोडीतले प्रमाण बिघडले, साखर फार वाढली, की उलटेच होते. जास्तीची साखर शरीरातले पाणी आतड्यात ओढते आणि जुलाब आणखी वाढतात. बाजारातल्या अशा काही पेयांत लिटरमागे शंभर ग्रॅमहून अधिक साखर असल्याचे डॉक्टरांनी दाखवून दिले आहे. मीठ मात्र सूत्रापेक्षा कमी. तापलेल्या उन्हात खेळून आलेल्या धडधाकट माणसाला ते सरबत म्हणून चालेल. ढाळ लागलेल्या बाळाला ते घातक आहे.

ओआरएसला आपल्याकडे ‘जलसंजीवनी’ म्हणतात आणि हे नाव त्याने कमावलेले आहे. १९७१ साली बांगलादेश मुक्तिसंग्रामाच्या वेळी सीमेजवळच्या बनगाव इथे निर्वासितांच्या छावणीत कॉलऱ्याची साथ पसरली. सलाइनच्या बाटल्या संपत आल्या. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा पाण्यात मिसळून पिंपे भरून ठेवली आणि रुग्णांच्या नातेवाइकांनाच ते पाजायला सांगितले. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्याही खाली आले. नर्स लागत नाही, सुई लागत नाही, आई किंवा शेजारीण हे औषध देऊ शकते, हे तिथे सिद्ध झाले. १९७८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने हा शोध शतकातला कदाचित सर्वात महत्त्वाचा वैद्यकीय शोध ठरेल, अशा अर्थाचे संपादकीय लिहिले. महालनबीस २०२२ मध्ये गेले. पद्मविभूषण त्यांना २०२३ मध्ये, मरणोत्तर जाहीर झाला. गरिबांच्या डॉक्टरचा सन्मान आपल्याकडे बहुधा असाच उशिरा पोहोचतो.

म्हणजे ‘ओआरएस’ या तीन अक्षरांमागे छावणीत घडलेल्या कामाची आणि पुढे गावोगाव आशाताई, अंगणवाडी सेविका आणि परिचारिकांनी केलेल्या प्रचाराची पुण्याई आहे. त्या प्रचारावर सरकारचा, म्हणजे आपलाच पैसा खर्च झाला. तयार झालेला विश्वास मग खासगी कंपन्यांनी डब्यावर छापून विकला.

हे घडू शकले ते वर्गीकरणामुळे, आणि म्हणून त्यातला कायदा थोडा समजून घ्यावा लागेल. आपल्या देशात तोंडाने घ्यायची वस्तू एक तर अन्न असते, नाही तर औषध. औषधाला १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा लागू होतो. अन्नाला २००६ चा अन्न सुरक्षा व मानके कायदा लागू होतो आणि त्यात अन्नाच्या व्याख्येतून औषध वगळलेले आहे. खरे ओआरएस औषध आहे, अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे. ते बनवायला औषधाचा परवाना लागतो आणि सूत्रात फेरफार चालत नाही.

पण आजारपण आणि जेवण यांच्या मध्ये बऱ्याच वस्तू येतात. मधुमेहींसाठीची पावडर, प्रोटीनचे डबे, जीवनसत्त्वाच्या गोळ्या, नळीने द्यायचा रुग्णाहार. त्यांच्यासाठी २००६ च्या कायद्यात कलम २२ आहे आणि त्याखाली २०१६ मध्ये सविस्तर नियम आले. ते १ जानेवारी २०१८ पासून अमलात आले आणि २०२२ मध्ये बदलून पुन्हा काढले गेले. आरोग्यपूरक पदार्थ वेगळे, विशेष आहाराचे पदार्थ वेगळे, विशेष वैद्यकीय गरजेचे अन्न वेगळे, अशी त्यांत विभागणी आहे. कोणत्या घटकाचे किती प्रमाण चालेल ते ठरलेले आहे. आरोग्यपूरक पदार्थाच्या डब्यावर ‘औषधी वापरासाठी नाही’ असे लिहावे लागते, वैद्यकीय गरजेच्या अन्नावर ‘वैद्यकीय सल्ल्यानेच घ्यावे’ असे. नियम परिपूर्ण आहेत असे मी म्हणत नाही. जिममध्ये जाणाऱ्या आपल्या पोरांनी प्रोटीनच्या डब्यामागचा मजकूर एकदा वाचावा, म्हणजे कळेल. तरी निदान आजाराशी संबंध सांगणाऱ्या अन्नासाठी एक दार आहे आणि त्या दारावर पहारेकरी आहे.

ओआरएस नावाची बरीच पेये या दारातून आलीच नाहीत. ती आली फळांच्या रसाच्या पेयांच्या दारातून, जिथे साखर भरपूर चालते. नाव औषधाचे, नियम सरबताचे, विक्री मेडिकलच्या काउंटरवर. बाळ आजारी पडल्यावर माणूस जिथे जातो तिथेच ती ठेवली गेली.

हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष सुमारे आठ वर्षे हा प्रश्न लावून धरत होत्या. त्यांनी पत्रे लिहिली, व्हिडिओ केले, तेलंगणा उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. एप्रिल २०२२ मध्ये प्राधिकरणाने नावातल्या ओआरएसवर बंदी आणलीही होती. पण जुलै २०२२ मध्ये ती सैल केली. नाव ठेवा, फक्त डब्यावर ‘हे जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस केलेले ओआरएस सूत्र नाही’ अशी सूचना छापा, असे सांगितले. फेब्रुवारी २०२४ च्या आदेशानंतरही ही सवलत राहिली. ऑक्टोबर २०२५ मध्ये हे दोन्ही आदेश मागे घेतले गेले. मग कंपन्या दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. ‘ओआरएसएल’ विकणाऱ्या जेएनटीएल कन्झ्युमर हेल्थला तयार मालासाठी तात्पुरता दिलासा मिळाला, पण डॉ. रेड्डीज कंपनीची याचिका न्यायालयाने महिनाअखेरीस मान्य केली नाही. नोव्हेंबरमध्ये प्राधिकरणाने राज्यांना असा माल दुकानांतून काढून घ्यायला सांगितले.

जुलै २०२२ च्या त्या सवलतीवर थांबायला हवे. पुढे मोठ्या अक्षरांत ‘ओआरएस’ आणि मागे बारीक अक्षरांत ‘हे ओआरएस नाही’. एकाच डब्यावर विधान आणि त्याचे खंडन. हे कायदेशीर ठरवताना नियम करणाऱ्याच्या डोळ्यांसमोर कोणता ग्राहक होता? इंग्रजी वाचणारा, चष्मा लावून डबा फिरवून पाहणारा, ‘फॉर्म्युला’ म्हणजे काय हे जाणणारा. लेबलच्या नियमांनुसार आवश्यक मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरीतल्या हिंदीत असला की पुरे, मराठी ऐच्छिक आहे. रडणारे मूल कडेवर घेऊन रात्री नऊ वाजता मेडिकलच्या काउंटरवर उभी असलेली बाई या नियमात कुठेच नाही. समाजशास्त्र शिकताना आम्हाला सांगत, की नियम सगळ्यांसाठी सारखा लिहिलेला असला तरी तो पाळायला लागणारी साधने सगळ्यांकडे सारखी नसतात. तेव्हा ते परीक्षेपुरते पाठ केले होते.

शिक्षेतला फरकही पाहण्यासारखा आहे. औषधाच्या कायद्यात, दुसऱ्या औषधाच्या नावाने बनवलेले किंवा फसवणूक होईल इतके त्याच्यासारखे दिसणारे औषध ‘नकली’ ठरते. कलम १७-ब मध्ये ही व्याख्या आहे आणि कलम २७ खाली त्यासाठी साधारणपणे किमान सात वर्षांची कैद आहे. हेच नाव सरबताच्या डब्यावर आले की प्रकरण अन्नाच्या कायद्यात जाते. तिथे चुकीच्या लेबलसाठी तीन लाखांपर्यंत दंड, दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी दहा लाखांपर्यंत. उसने घेतलेले नाव तेच आणि फसणारी आईही तीच. रकाना बदलला की तुरुंगाऐवजी पावती.

अन्न आणि औषध यांच्यातली ही सीमा आजच धूसर झाली असे नाही. विनयपिटकाच्या महावग्गात भेसज्जक्खंधक नावाचा औषधांविषयीचा एक भाग आहे. श्रावस्तीत शरद ऋतूतल्या आजाराने भिक्खू खंगले होते, खाल्लेले पोटात ठरत नव्हते. तेव्हा भगवंतांनी तूप, लोणी, तेल, मध आणि काकवी अशी पाच औषधे मान्य केली. कारणही तिथेच दिले आहे. या वस्तू औषध म्हणून लोकमान्य आहेत, शरीराला पोषणही देतात, पण त्यांना भरपेट जेवण मानले जात नाही. मग त्या पाच वस्तूंना सात दिवसांची मुदत घालून दिली, म्हणजे औषधाच्या नावाखाली साठेबाजी नको. आंबा, जांभूळ, द्राक्षे अशा फळांच्या पेयांचा वर्ग वेगळा, त्यांना एका अहोरात्रीची मुदत. माध्यान्हीपर्यंतचे जेवण वेगळे. मुळ्या, मीठ यांसारख्या गोष्टी गरज पडेल तेव्हा आयुष्यभर. आणि याच भागाच्या शेवटी मिश्रणाचा प्रश्न येतो. वेगवेगळ्या मुदतीच्या दोन वस्तू एकत्र केल्या तर कोणता नियम लावायचा? उत्तर असे की ज्या वस्तूची मुदत कमी तिचा, म्हणजेच दोहोंतला कडक नियम लावायचा. काकवीत भात कालवून सात दिवसांची सवलत मागता येत नाही.

हे मी आधुनिक अन्नकायदा अडीच हजार वर्षांपूर्वी लिहिला गेला होता असे सांगण्यासाठी लिहीत नाही. तसले दावे आपण दुसऱ्यांचे ऐकतो तेव्हा हसतो, स्वतः करू नयेत. पण वर्गीकरण करताना पळवाट कुठे निघेल याचा विचार संघासाठी नियम करणाऱ्यांनी केला होता. आपल्या प्राधिकरणाने २०२२ मध्ये नेमके उलट केले. औषधाचे नाव आणि फळपेयाचे नियम यांचे मिश्रण समोर आले तेव्हा त्याला सैल नियम लावला.

हाच खेळ ‘हेल्थ ड्रिंक’ या शब्दाचा होता. ज्या चॉकलेटी पावडरी दुधात घालून पोरांना देतात, त्या ऑनलाइन दुकानांत याच नावाखाली विकल्या जात. २०२३ मध्ये एका तरुणाने बोर्नव्हिटातल्या साखरेवर व्हिडिओ केला, त्याला कायदेशीर नोटीस आली, व्हिडिओ काढावा लागला, पण चर्चा थांबली नाही. पुढे राष्ट्रीय बालहक्क आयोगाने कळवले की २००६ च्या कायद्यात हेल्थ ड्रिंक अशी व्याख्याच नाही. एप्रिल २०२४ मध्ये वाणिज्य मंत्रालयाने अशी पेये त्या वर्गातून काढायला ऑनलाइन कंपन्यांना सांगितले. त्याच महिन्यात हॉर्लिक्स बनवणाऱ्या हिंदुस्थान युनिलिव्हरने आपल्या गटाचे नाव बदलून ‘फंक्शनल न्यूट्रिशनल ड्रिंक्स’ केले. पावडर तीच राहिली. शब्दावर बंदी आली की नवा शब्द शोधला जातो, हे तेव्हाच दिसले होते.

म्हणून ऑक्टोबरच्या आदेशाचे स्वागत करूनही मला तो अपुरा वाटतो. त्याने एक शब्द परत मिळवला, तो ज्या फटीतून निसटला ती बुजवली नाही. आजारी माणसासाठी आहे असा भास नावाने, चित्राने किंवा मेडिकलच्या काउंटरवरच्या जागेने निर्माण करणाऱ्या प्रत्येक पेयाला आपोआप कडक रकाना लागू झाला पाहिजे. शिवाय जी पेये ओआरएस नाहीत, ती जुलाबात देऊ नयेत असे डब्याच्या दर्शनी बाजूला राज्याच्या भाषेत लिहिणे सक्तीचे हवे. आपल्या राज्यात अन्न आणि औषध ही दोन्ही कामे एकाच प्रशासनाकडे आहेत. अन्न सुरक्षा अधिकारी आणि औषध निरीक्षक वेगवेगळे असले तरी खाते एक आहे. त्यामुळे ‘हे आमच्याकडे येत नाही’ हे उत्तर इथे तरी चालू नये. संविधानाच्या अनुच्छेद ४७ मध्ये पोषणमान उंचावणे आणि सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य म्हटले आहे. निवेदन देताना कार्यकर्त्यांनी त्याचा उल्लेख जरूर करावा, पण सोबत डब्याचा फोटो, बॅच क्रमांक आणि चौदा अंकी परवाना क्रमांक जोडावा. नुसत्या अनुच्छेदावर कारवाई होत नाही.

कायद्याची वाट पाहत बसण्याइतका वेळ मात्र जुलाबाला नसतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशात जुलाब झालेल्या मुलांपैकी ६०.६ टक्के मुलांनाच ओआरएस मिळाल्याचे दिसते. झिंक मिळाले जेमतेम ३०.५ टक्के मुलांना. पाकीट आशाताईंकडे आणि सरकारी दवाखान्यात फुकट मिळते, तरी ही स्थिती आहे. काही घरांना फुकट वस्तूवर भरवसा नसतो. ‘महागातलं दिलं’ या वाक्याचा अर्थ मला त्यातच सापडतो. ज्यांना आयुष्यभर दुय्यम गोष्टीच मिळाल्या, त्यांना फुकटचे पाकीट दुय्यम वाटले तर नवल नाही.

त्या प्रसंगानंतर आम्ही पद्धत बदलली. रविवारी विहारात वंदना झाली की महिला मंडळाच्या ताई अर्धा तास थांबतात. पाकीट हातात देतो, वाचायला लावतो. एक लिटरचे पाकीट आहे की २०० मिलिलिटरचे, हे आधी बघायचे, कारण मोठे पाकीट पेलाभर पाण्यात घातले तर मीठ फार होते आणि तेही धोक्याचे. अर्धे पाकीट आज, अर्धे उद्या, असे करायचे नाही. तयार केलेले पाणी २४ तासांनंतर टाकून द्यायचे. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा. अंगावरचे दूध बंद करायचे नाही. झिंकच्या गोळ्या १४ दिवस, जुलाब थांबले तरी. मूल मलूल झाले, पीत नसेल, शौचात रक्त दिसले, तर तिथेच न थांबता दवाखाना. आणि मेडिकलमध्ये ‘ओआरएस द्या’ म्हणायचे नाही, ‘ओआरएसचे पाकीट द्या, पावडरचे’ असे म्हणायचे.

परवा त्याच मेडिकलमध्ये गेले होते. फ्रीजमध्ये तसाच टेट्रापॅक होता, सफरचंदाचे चित्र तसेच, नाव नवे. मी विचारले, हे काय आहे? “पूर्वीचं ओआरएसच आहे मॅडम, फक्त नाव बदललंय,” दुकानदार सहज म्हणाला. त्याला समजावून सांगितले, त्याने ऐकून घेतले. पावसाळ्याआधी वस्तीतल्या आठवी-नववीच्या मुलींना घेऊन आसपासच्या सगळ्या मेडिकलमध्ये जायचे ठरवले आहे. त्या फक्त “ओआरएस द्या” म्हणतील आणि हातात काय येते ते वहीत लिहून ठेवतील.